लाल वडी

भाचीने पॅरिसहून आणलेला डबा उघडला आणि साखरेत घोळलेल्या फळांच्या वड्यांच्या वासाने मला सापगावचं घर आठवलं. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने अशाच बारा फ्रेंच वड्या आणल्या होत्या. त्यात लाल एकच होती आणि ती मी मनात माझी म्हणून ठरवली होती. आईने आळीतली बारा घरं मोजली आणि बारा ताटल्यांत एकेक वडी ठेवली. "मंग मला काय?" मी विचारलं. "आपल्याकडं आलेलं आदी दुसऱ्याकडं जातं गो," असं म्हणून तिने लाल वडीची ताटली माझ्याच हातात दिली. आपली आई असं करू शकते हे मला खरं वाटेना. शेजारच्या काकूंना ताटली देताना मी वडीवरची नजर काढली नाही. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. संध्याकाळपर्यंत करवंदं, चिंचा, मूठभर शेंगा येत राहिल्या. काकूंच्या ताटलीत मात्र लाल वडीच होती, सुरीने एक कोपरा कापून घेतलेली. "चव कळली मला. बाकीची हिला द्या, पोरीचं तोंड बगवत नाय," काकू म्हणाल्या. आज मीही भाचीच्या डब्यातल्या वड्या वाटायला यादी केली. बारा वड्या, बारा नावं. त्यात माझं नाव नाही, हे यादी पुरी झाल्यावर लक्षात आलं आणि पेन हातातच राहिलं.