बुडणाऱ्याला ओढणारा देवदूत

सिल्व्हर पार्कला आमच्या गल्लीत चौक गावच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी एके सकाळी बोंबलांच्या वाट्याबरोबर एक नाणं माझ्या हातात ठेवून गेली. करंगळीच्या नखाएवढं, काळपट हिरवं. मला रोमन ब्राँझची नाणी ओळखायचं खूळ आहे हे तिला ठाऊक. तिच्या सासऱ्यानं जहाजावर असताना कुठून तरी आणलेलं हे नाणं कापडात शिवून तिच्या मुलाच्या बोटीत, राखण म्हणून क्रुसाखाली बांधलेलं असायचं.

"देवदूत बुडणाऱ्याला वढून काढतोय, दिसतंय ना? कुठल्या संताचा हाय तेवढं सांग, बाय. बोट दुरुस्तीला हाय, तवर ठेव."

भिंग घेऊन बसले. एका बाजूला डोक्याला मोत्यांची पट्टी बांधलेला सम्राट, म्हणजे काळ उतरत्या साम्राज्याचा. नाव पार झिजलेलं. दुसऱ्या बाजूला पंखवाली आकृती, शेजारी क्रुसासारखी खूण, कडेला चार-पाच अक्षरं. पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. देवदूत कसला! ती रोमनांची विजयदेवी. आणि तिनं धरलेला माणूस बुडत नव्हता, तो लढाईतला कैदी होता. त्याला ती फरफटत नेत होती. आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यात मावशीचा फोन. इंजिन लवकर दुरुस्त झालं म्हणून पोरगा परस्पर निघून गेला होता, आणि आता वारं उठलं होतं. बाकीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या, त्याची नव्हती. फोन लागत नव्हता. नाण्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घरात येरझारा घालायला लागले. नवरा म्हणाला, "तू कधीपासून गंडेदोरे मानायला लागलीस गं?"

"गप बसा हो!" मी खेकसले. मानत नव्हतेच मी. पण नाणं माझ्या टेबलावर आणि पोरगा समुद्रात, हे काही केल्या सहन होईना. पर्समध्ये टाकलं आणि चौकची बस धरली. वाटेत दर स्टॉपला चेन उघडून ते आहे ना बघत होते.

मावशी किनाऱ्यावर बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. उन्हं कलली तेव्हा एक बोट दुसरीला दोरानं ओढत आणताना दिसली. मागची तिच्या मुलाची, इंजिन बंद पडलेली. तो कंबरभर पाण्यात उतरून चालत आला तेव्हा मी मावशीपेक्षा मोठ्यानं रडले.

तिच्या घरी मी नाणं पुढे केलं तसा तिनं सुईदोरा काढला. "कळला का संत?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. सगळं सांगून टाकलं. देवी, लढाई, कैदी.

तिनं नाणं डोळ्यांजवळ नेलं.

"पण त्यो जिता हाय ना?"

"हो. जिवंतच नेतेय त्याला."

"मंग झालं," म्हणत तिनं नाणं कापडात गुंडाळलं.

"टाके जवळ जवळ घाल गं मावशी," मी म्हणाले.