चुंबकाचे वेटोळे आणि सातवा मजला

डोक्यावर चुंबकाचे वेटोळे धरल्याने माणसाची भीती जाते का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. आयुष्यभर विज्ञान शिकवल्यामुळे ते मिळेल असे मी धरून चाललो होतो.

माझा मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करी. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकून काढणे हा त्याचा पेशा. ऑफिस सातव्या मजल्यावर. एके सकाळी लिफ्टमध्ये त्याची छाती धडधडू लागली, श्वास अडकला आणि आपण आता मरणार अशी त्याची खात्री झाली. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तरीही आधी लिफ्ट सुटली, मग बस, आणि शेवटी बिबवेवाडीतल्या घराबाहेर एकट्याने पडणेच सुटले. काही काळ कंपनीने घरून काम करू दिले. मग निरोप आला की पुढच्या तिमाहीपासून ऑफिसला यावे, नाहीतर राजीनामा द्यावा.

गोळ्या चालू होत्या, समुपदेशन चालू होते. उतार पुरेसा नव्हता. तेव्हा कोथरूडच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी हा उपचार सुचवला. नातेवाइकांनी लगेच त्याला ‘शॉक’ म्हणायला सुरुवात केली. तो शॉक नव्हे. वेटोळ्यातून विजेचे झटपट ठोके सोडले की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यामुळे कवटीखालच्या पेशींत अल्पसा प्रवाह निर्माण होतो. माणूस पूर्ण जागा असतो. हेच तत्त्व मी वर्षानुवर्षे दहावीला शिकवले. नैराश्यासाठी या उपचाराला बराच आधार आहे, भीतीच्या विकारांसाठी अजून तितका नाही, हे बाईंनी आधीच स्पष्ट केले.

पहिल्या दिवशी मात्रा ठरवली. वेटोळे डोक्यावर सरकवत, हाताचा अंगठा आपोआप उडेल इतका जोर शोधतात आणि त्यावरून उपचाराचा जोर ठरवतात. अंगठा उडाला तेव्हा मुलगा कित्येक महिन्यांनी हसला. “बाबा, माझा रिमोट सापडला यांना,” म्हणाला.

मग रोजची रिक्षा, रोजचा बाक, आतून येणारी सुतारपक्ष्यासारखी टकटक. बाकावर बसून मी पेपरातले तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असे.

दुसऱ्या आठवड्यात तो एकाएकी ढासळला. झोप उडाली, गरगरू लागले. एकदा स्वारगेटच्या सिग्नलला तो रिक्षातून उतरला आणि फुटपाथवर बसून रडू लागला. मी शेजारी बसलो.

बाईंनी शांतपणे चौकशी केली तेव्हा कळले की यंत्र सुरू झाल्याच्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या आणि समुपदेशकांनी दिलेले सरावही सोडले होते.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” तो म्हणाला. “नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं?”

वाक्य त्याच्या पेशाचे होते आणि माझ्या वर्गातलेही. तो माझ्याकडे पाहत होता. दाद मिळेल असे त्याला वाटले असावे.

“प्रयोग उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “फक्त त्यातला उंदीर आपण स्वतःच आहात, एवढंच राहून गेलं.”

मग त्यांनी नीट समजावले. अशा गोळ्या एकदम थांबवल्या की हाच त्रास उद्भवू शकतो. शिवाय औषध बदलले की मेंदूचा प्रतिसाद बदलू शकतो, मात्रा चुकू शकते, क्वचित फिट येण्याची शक्यताही वाढते. गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाल्या, अंगठ्याची चाचणी पुन्हा झाली. सराव, समुपदेशन, यंत्र, सगळे एकत्र चालू राहिले. उतार पडू लागला, फार हळू. तो कशाने पडला, हे आता वेगळे काढता येणार नव्हते.

नव्या तिमाहीच्या पहिल्या सोमवारी तो एकटा ऑफिसला गेला. दहाच्या सुमारास फोन आला.

“बाबा, वर पोचलो.”

“लिफ्टने?”

“निम्मे मजले. पुढचे जिन्याने.”

मी विचारले, यंत्राचा उपयोग झाला असे तुला वाटते का? तो म्हणाला, “ठाऊक नाही. आणि बाबा, आता मला ते शोधायचंही नाही. मीटिंग आहे, ठेवतो.”

त्याची नोकरी राहिली. माझा प्रश्न सुटला नाही, आणि तो सोडवण्याची उमेदही आता उरलेली नाही. ही एकाच घरातली हकीकत आहे. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. ज्यांच्या घरी हा प्रश्न असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, चालू औषधांना परस्पर हात न लावता, मी लिहिलेले स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.