शाहिदाभाभीचा कंदील

शाहिदाभाभी रोज संध्याकाळी खिडकीत कंदील ठेवायची. तोही कुवेतच्या सालमियात, जिथे रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात पडलेली सुईसुद्धा दिसली असती! नवरा शुवैख बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. घरी येताना त्याला खालून दिसावा म्हणून ही तयारी. समोरच्या फ्लॅटमध्ये राहून मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि मनातून जळले.

त्यात तिच्या हॉलमधलं ते चित्र. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या कॅप्टनने नवऱ्याला दिलेलं, दीडशेएक वर्षांपूर्वी छापलेलं. काळंकुट्ट वादळ, बुरुजावर हातात दिवा उंचावून उभी बाई आणि खाली लाटांतून तिच्याकडे पोहत येणारा पुरुष.

"ही मीच गो," रत्नागिरीची भाभी हसून म्हणायची, "आनि तो आमचा मानूस." नवरा ओशाळून चहा ढवळत बसायचा. आमचे हे पार लांबच्या जहऱ्याच्या ऑफिसातून यायचे, बूट काढायचे आणि टीव्ही लावायचे. माझ्यासाठी यांनी डबकंसुद्धा ओलांडलं नसतं.

एकदा मुलीच्या शाळेच्या पुस्तकात त्या चित्राची गोष्ट सापडली. ग्रीक दंतकथा होती. मला इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी तशीच टाकून मी समोर धावले.

"भाभी, यातला माणूस बुडून मरतो! वाऱ्याने हिचा दिवा विझतो."

तिचा चेहरा पडायची मी वाट पाहत होते. ती चित्राजवळ जाऊन निरखत राहिली.

"विझनारच. वाऱ्यात उगडा दिवा धरतात काय? काचंत ठेवायचा," असं म्हणून ती कंदिलाची काच पुसायला बसली. माझी पोळी मात्र करपली.

पुढे तिच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि दोघं गावी निघाली. चित्र मला मिळेल अशी मला वेडी आशा होती. भाभीने ते साड्यांच्या घडीत गुंडाळून बॅगेत घातलं आणि माझ्या हातात कंदील दिला.

"तुजापन मानूस येतो की गो, रोज. जहरा काय जवल हाय?"

त्या संध्याकाळी मी लाजत लाजत तो खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने हे धापा टाकत दारात उभे. लिफ्टकडे न बघता सगळे जिने चढून आले होते.

"खालून दिवा दिसला. वाटलं लाइट गेली, तू एकटी घाबरली असशील."

यांचा शर्ट घामाने चिंब भिजला होता.