ओव्हाळांचे शंभर दाणे

ओव्हाळ पहिल्यांदा आमच्या सभेला आले तेव्हा त्यांच्या शर्टाचा डावा खिसा ओला होता. पेन गळलं असेल, असं मला वाटलं. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून फडक्याची एक गुंडाळी काढली, टेबलावरची इतिवृत्ताची वही बाजूला सारली आणि गुंडाळी उलगडली. आत मूग होते. काहींना पांढरे मोड आले होते, काही नुसते फुगून मऊ पडले होते. आम्ही मोठ्या उत्साहाने मंडईतून आणलेल्या बियाण्याचा नमुना अध्यक्षांनी आठवड्यापूर्वी त्यांच्याकडे धाडला होता, त्यातलेच हे दाणे.

"शंभर घेतले होते," ते म्हणाले. "एकेचाळीस मेले. आता हे आफ्रिकेत पाठवायचं, की इथंच उसळ करायची, ते आपण ठरवा."

आमचं मंडळ शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माळ्यावर भरायचं. अध्यक्ष पेशाने डॉक्टर. तरुणपणी त्यांनी मलावी देशातल्या एका खेड्यात काही वर्षं काढली होती. तिथे गावकऱ्यांना शेती शिकवणारी एक शाळा होती. तिला अवजारं, बियाणं आणि माणसं पुरवायची, एवढंच आमचं काम. मी पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेला, म्हणून कार्यवाह झालो. पुण्याच्या कडेने तेव्हा सॉफ्टवेअरच्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांतली मुलंमुली तीन-तीन महिन्यांची रजा काढून मलावीला जायला तयार असत. आमच्याकडे प्रोजेक्टर होता, बॅनर होते, वार्तापत्र होतं. शेती कळणारा मात्र एकही माणूस नव्हता. ओव्हाळ सरकारी बीजगुणन केंद्रात तीस वर्षं पर्यवेक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते.

बोलणं जवळजवळ आमच्यासारखंच, पण रागावले की शिरूरकडचं 'हाय' बाहेर यायचं. मला ते 'साहेब' म्हणत. मी त्यांना अहो-जाहो करायचो, पण नुसतं 'ओव्हाळ' म्हणायचो. मंडळात बाकी सगळे कुणीतरी 'राव' किंवा 'पंत' होते. हा फरक मला तेव्हा जाणवला नाही.

मलावीला जाणाऱ्या मुलांना त्यांनी पहिल्या दिवशी गोणपाटाचे तुकडे वाटले. दहा ओळी, ओळीत दहा दाणे, वर दुसरा ओला तुकडा, सैल गुंडाळी, सावली, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. सातव्या दिवशी उघडून मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. साठ असतील तर दाट पेरा. पन्नासच्या खाली असतील तर भरडून गुरांना घाला. मृणाल नावाची एक संगणक अभियंता मुलगी म्हणाली, काका, हे सगळं एका तक्त्यात भरून आपोआप निघेल. ओव्हाळ म्हणाले, "भरा की. फक्त त्या तक्त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला विसरू नका."

ते स्वतः दोन हंगाम मलावीत राहिले. मोडकं इंग्रजी आणि हातवारे, एवढ्यावर त्यांनी तिथल्या बायकांना बियाणं राखायला शिकवलं. पहिली शिकली ती एस्तेर, तीन मुलांची विधवा. पुण्याला आले की ते तिच्याबद्दल बोलत. तिची मोजणी आपल्यापेक्षा चोख आहे, म्हणत. एकदा मी विचारलं, या वयात एवढ्या लांब कशाला जाता? ते म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात दुसऱ्याचं बी पेरलं. स्वतःचं बी राखणारा माणूस मला बघायचाय. इथं असो नाहीतर तिथं."

तिसऱ्या वर्षी आम्ही पुण्याहून सोयाबीनच्या साठ गोण्या पाठवायचं ठरवलं. शाळेच्या चाळीस कुटुंबांनी त्या वर्षी मक्याची निम्मी जमीन सोयाबीनला द्यायची, हे ओव्हाळांनी त्यांच्या गळी उतरवलं होतं. सोयाबीनचा दाणा नाजूक. गोणी आपटली तरी आतला कोंब मरतो, दमट हवेत तर लवकरच. तिकडे पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, त्यामुळे गोण्या पावसाळाभर पुण्यात गोदामात राहणार होत्या आणि ओव्हाळ ऑगस्टमध्येच पुढे जाणार होते. म्हणून निघायच्या आधी त्यांनी मला माळ्यावर बसवून मोजणी शिकवली. प्रत्येक गोणीला शिवायची चिठ्ठीही त्यांनीच आखून दिली: पीक, मोजले, उगवले, मोजणाऱ्याची सही.

"तुमची चिठ्ठी असली की मी तिथं परत मोजणार नाही," ते म्हणाले. "गोण्या पोचतील तेव्हा पाऊस दारात असेल, सात दिवस मिळायचे नाहीत. आणि दोनदा मोजायचं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं होईल. तेव्हा साहेब, नीट मोजा."

हे वाक्य मी विसरलो होतो, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. मी ते विसरलो नव्हतो.

सप्टेंबरात मी शंभर दाणे मोजून घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुंडाळी ठेवली. सातव्या दिवशी उघडली. अडतीस उगवले होते. बाकीचे चिकट झाले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. पाणी जास्त झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पुन्हा करायचं तर आणखी सात दिवस. ट्रक तिसऱ्या दिवशी बंदराकडे निघणार होता. त्याआधी हॉलमध्ये समारंभ होता, एका कंपनीचे मोठे साहेब गोण्यांना हार घालणार होते, निमंत्रणं गेली होती. कुणाला काही विचारलं नाही. आदल्या वर्षी ओव्हाळांनी मोजलेल्या तुरीच्या चिठ्ठीवर चौऱ्याऐंशी होते, तोच आकडा मी साठ चिठ्ठ्यांवर लिहिला आणि साठ वेळा सही केली. अक्षर माझं चांगलं आहे. समारंभात अध्यक्षांनी एक चिठ्ठी वाचून दाखवली आणि टाळ्या झाल्या.

डिसेंबरात अप्पा बळवंत चौकातल्या सायबर कॅफेत मृणालचा ईमेल वाचला. ती तेव्हा तिकडेच होती. जहाजाला उशीर झाला, गोण्या आल्या त्याच दिवशी पाऊस सुरू झाला आणि दोन दिवसांत पेरणी उरकली, असं तिने लिहिलं होतं. रानात आता चार-चार पावलांवर एखादं रोप दिसतं. ओव्हाळकाका ओळीत गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरतात, कुजलेले दाणे काढून तळहातावर ठेवतात आणि स्वतःशीच म्हणतात, चिठ्ठी बरोबर हाय, मग माझं काय चुकलं? जेवत नाहीत. खाली तिने विचारलं होतं, काका, दुसरं बियाणं पाठवता येईल का? येणार नव्हतं. पेरणीची वेळ गेली होती. शेजारी दोन पोरं मोठ्याने हसत कुणाशी तरी चॅट करत होती. मी तास संपायच्या आधीच उठलो.

ओव्हाळ मे महिन्यात परतले. निम्मे झाले होते. त्याआधी त्यांचं एकच पत्र आलं होतं, तीन ओळींचं. निम्मी कुटुंबं मजुरीला चहाच्या मळ्यांकडे गेली. एस्तेरही गेली. तिथे तिचं धाकटं गेलं.

चौकशीसाठी सभा भरली. सगळ्यांसमोर एक चिठ्ठी होती, तिच्यावर चौऱ्याऐंशी. तेव्हा पुण्यातून गेलेलं बियाणं उत्तमच होतं. नासलं ते तिकडे. अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं, गोण्या आपण कुठे ठेवल्या होत्या? एक सदस्य म्हणाले, पत्र्याची शेड असणार, आपल्या लोकांना साठवणुकीची शिस्त कुठे असते. 'आपल्या' म्हणजे कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही.

ओव्हाळांनी खिशातून फडकं काढलं. गोणीच्या तळाला उरलेले दाणे त्यांनी तिकडून सोबत आणले होते आणि घरी मोजले होते. ते त्यांनी टेबलावर उलगडलं, पण कुणाला दाखवलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुम्ही मोजले होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"किती निघाले?"

खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. त्याच्या आवाजात मी बोललो नसतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. "चौऱ्याऐंशी."

त्यांनी फडक्याची हळूहळू पुन्हा गुंडाळी केली, जणू आत काही उगवायचं राहिलं होतं. "मग माझंच चुकलं असेल," म्हणाले आणि जिना उतरून गेले. आमच्या प्रतिनिधीच्या निष्काळजीपणाबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं पत्र शाळेला पाठवायचं ठरलं. मसुदा कार्यवाहांनी करावा, असं ठरलं. मी केला. ओव्हाळांच्या जागी आमच्या पेठेतला कुणी असता तर सभेने इतक्या पटकन मान डोलावली असती का, हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. पुढे पडला.

चार वर्षांनी ते आजारी असल्याचं मृणालने फोनवर सांगितलं. मी विश्रांतवाडीला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, खाली खाट. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी चहा दिला आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या त्या सभेहून आल्यापासून ह्यांनी एक दाणा मोजला नाही. मेथी पेरली तरी म्हणतात, तूच बघ."

ओव्हाळांनी मला उशाशी बसवलं. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, "तुमचे किती निघाले होते?"

"अडतीस."

त्यांनी डोळे मिटले. "मला पस्तीस मिळाले. म्हणजे जहाजात तिघेच मेले." ओठ किंचित हलले. ते हसले असावेत. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "मला कशाला सांगता? मला ठावं होतं. एस्तेरला कळवा. तिला वाटतं, मी तिला मुद्दाम मेलेलं बी दिलं. तेवढं कळवा."

कळवतो, म्हणालो. अकरा दिवसांनी ते गेले. मी कळवलं नाही. आधी अध्यक्षांना वाईट वाटेल म्हणून, मग मंडळाचं नाव जाईल म्हणून. पुढे अध्यक्ष वारले, मंडळही बंद पडलं आणि मला कारणच उरलं नाही. तरीही लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात परदेशातून आलेली मृणाल मला घरी भेटायला आली होती. केस पिकलेत तिचे. ती मलावीला पुन्हा जाऊन आली. शाळा अजून चालते. भिंतीवर पुण्याहून आलेल्या सगळ्यांच्या नावांची पाटी आहे, ओव्हाळांचं नाव तेवढं नाही. एस्तेर आता तिथे शिकवते, दाणे गोणपाटात गुंडाळायलाच. मृणालने ओव्हाळकाकांचा विषय काढला तेव्हा एस्तेर उठून पाणी आणायला गेली आणि लवकर परत आली नाही.

मी बसल्या जागीच मृणालला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, तो ईमेल मी तुम्हाला का पाठवला होता, माहितीये? काकांनी सांगितलं होतं, परांजपे साहेबांना विचार, त्यांनी स्वतः मोजलंय." एस्तेरसाठी मी पत्र लिहिलं, ते तिने पाठवलं. उत्तर आलेलं नाही. येईल असं मला वाटतही नाही.

मंडळाच्या जुन्या कागदांत एक कोरी चिठ्ठी सापडली. ओव्हाळांच्याच हाताने आखलेली, रेघा अजून सरळ आहेत. ती मी आज भरली.

पीक: सोयाबीन. मोजले: शंभर. उगवले: अडतीस. मोजणाऱ्याची सही: श्रीनिवास परांजपे.