माधवीची अँटेना

अगं बस, चहा राहू दे, आधी ऐक! आत्ता क्लिनिकमध्ये काय झालं माहितीय? नको, असं मधूनच सांगून नाही कळायचं. दाताच्या दवाखान्यातले किस्से दाढेत अडकलेल्या सुपारीसारखे असतात, एक काढला की मागे दुसरा! पहिल्यापासून सांगते.

*

मी नुकतीच बीडीएस होऊन चिक्कडपल्लीत सरांच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली लागले होते. एका शाळेत दात तपासायला गेलो. मी ओरडले, "आऽऽ करा!" अख्ख्या आठवीने आ केला. दारातल्या हेडमास्तरांनीसुद्धा!

फक्त माधवीचं तोंड बंद. शेजारची म्हणाली, "मॅडम, ती हसतानाही तोंडावर हात ठेवते. पोरं खवणी म्हणतात ना तिला!"

शेवटी उघडलं. वरचे दात पुढे, एकावर एक चढलेले, हिरड्यांतून रक्त.

"ब्रश करतेस ना?"

"करते. आरशात न बघता."

*

तिच्या बाबांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. तार लावू या म्हटलं तर भडकलेच! "आमच्या घराण्याचे दात आहेत, मॅडम! लोक लांबून ओळखतात!" आणि हसले. खरंच की, सेम टू सेम!

सर शांतपणे म्हणाले, "घराण्याचं बाकी सगळं ठेवा. दात तेवढे आत घेऊ."

*

तार लागली. गल्लोगल्ली नुकतं केबल आलेलं, मग काय! वर्गात पोरं सुरू, "अगे अँटेना, कौनसा चॅनल आरा?" कुठला चॅनल येतोय म्हणे!

माधवी रडत आली. "काढा ही! त्यापेक्षा खवणी बरी!"

सर म्हणाले, "चॅनल विचारतायत ना? मग दाखव की एखादा!"

*

गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी तापाने आडवी. बाईंनी माइक पुढे केला, कुणी घेईना. माधवीने घेतला!

मागून लगेच, "अँटेना! कौनसा चॅनल आरा?"

तिने तोंडावरचा हात काढला, तारेसकट सगळे दात दाखवले. "मेरा चॅनल आरा! इसकू बंद करने का बटनच नै!"

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला! तेव्हापासून शाळेत कसलाही कार्यक्रम असो, माइक माधवीकडे. आणि घरी आई वैतागलेली, "ब्रश घेऊन आरशासमोरून हलतच नाही ही!"

*

आणि आज, दोन वर्षांनी! दात कसे, प्रार्थनेच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. सर खूश. "झालं काम. काढ तार. आता उगाच ठेवली तर कडेने कीड लागायची."

मी पकड घेतली. "माधवी, आ कर."

नाही!

"मॅडम, तारेशिवाय मी कधी लोकांसमोर बोललेच नाहीये. ही काढली आणि आवाजच फुटला नाही तर?"

बाहेरून बाबा, "काढा मॅडम, काढा! अख्ख्या सुलतान बाजाराला दाखवायचेत!"

माधवीने तोंड घट्ट मिटलं. वर हात ठेवला. तोच, जुना हात!

माझ्या हातात पकड, सर माझ्याकडे बघतायत. खरं सांग, तू काय केलं असतंस?