मोठीच्या रँकपर्यंत

नातवंडांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू ताईला काय केलंस? ती तुझं नावसुद्धा काढत नाही." त्याच्या मागे तुमचे बाबा उभे होते. मी लातूरच्या उकाड्याबद्दल काहीतरी बोलले आणि फोन आजोबांच्या हातात दिला. पस्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्न टाळून भलतंच उत्तर लिहिणाऱ्या मुलीला मी शून्य देत असे. म्हणून आता नीट लिहिते. मोठीला यातलं बरंच माहीत आहे, धाकट्याला जवळजवळ काहीच नाही. लिहिते मात्र दोघांसाठी.

मोठी ऑस्ट्रेलियातलं तुमचं घर सोडून तिथल्याच दुसऱ्या शहरात शिकायला गेली. सुरुवातीला तिचे फोन येत. मग आठवड्याला एक, मग सणाला एक. नंतर माझ्या मेसेजला नुसता अंगठा येऊ लागला. बाबांशी तिचं बिनसलंय एवढं कानावर आलं, कशावरून ते कोणी सांगितलं नाही. सुट्टीत ती घरी आली तेव्हा धाकटा मला फोनवर म्हणाला होता, "ताई आमच्याशी बोलतच नाही. पण तो बंदुकीचा गेम खेळताना तासन्‌तास बोलते."

मी तिला मेसेज केला, मी येऊ का खेळायला? हसणारे तीन चेहरे आले. मग उत्तर आलं, "मी रँकशिवाय खेळत नाही आजी. सिल्व्हरमध्ये आलीस तर ये."

त्या खेळात पाच जणांविरुद्ध पाच जण असतात. एक संघ बॉम्ब लावायला येतो, दुसरा त्याला अडवतो. जिंकत गेलं की रँक वाढते: सगळ्यात खाली लोखंड, मग कांस्य, मग चांदी, मग सोनं, आणि पुढे आणखी. मोठी सोन्यात होती. रँकमध्ये फार अंतर असलेल्या दोघांना अशा सामन्यात एकत्र खेळता येत नाही, असा नियम आहे. तिने मला टाळण्यासाठी लिहिलं होतं हे मला कळत होतं. पण अट घातली म्हणजे ती पूर्ण करता येते, एवढाच अर्थ मी घेतला.

लॅपटॉप होता. माउस आणि हेडफोन मी गंजगोलाईच्या बाजारातून आणले. पहिले तीन महिने मी फक्त मरत होते. आजोबा दारात उभे राहून बघत.

"मास्तरीणबाई, पोरींना इंग्रजी शिकवून झालं. आता माणसं मारून राहिलात का?"

"अजून एकही मारला नाही. मीच मरतेय."

"मग ठीक हाय. पोलिसांचं काम न्हाई."

मी एक वही घातली. शाळेत मुलींना चुकांची वही ठेवायला लावायचे, तशीच. तीन रकाने: कुठे मेले, तेव्हा काय करत होते, काय करायला हवं होतं. खेळाची चित्रफीत मागे नेऊन बघायची आणि लिहायचं. मला वाटत होतं माझा नेम वाईट आहे, वयामुळे हात संथ आहे. चाळीसेक पानं झाल्यावर मधला रकाना सलग वाचला, तर निम्म्याहून जास्त वेळा एकच नोंद होती: गोळ्या भरत होते.

बंदुकीत पंचवीस गोळ्या असतात. मी तीन उडवल्या की लगेच पुन्हा भरायचे. भरायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्या वेळात समोरचा येऊन मारून जायचा. ही सवय कुठून आली, हे मला स्वयंपाकघरात कळलं. भांडं जरा रिकामं झालं की माझा हात आपोआप टाकीच्या नळाकडे जातो. आपल्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. एका उन्हाळ्यात तर महिनाभर टँकरच्या रांगेत उभे होतो. या गावात कोणतीही बाई अर्धं भांडं तसंच ठेवून झोपायला जात नाही. मी बंदुकीलाही घागरच समजत होते.

मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला: "राहू दे." बावीस गोळ्या असल्या तर राहू दे. अकरा असल्या तरी राहू दे, आधी कान दे. तो कागद पाळायला मला दोन महिने लागले. नेम शिकणं त्यापेक्षा सोपं होतं. रोज सकाळी वीस मिनिटं नुसत्या लक्ष्यांवर मारायचं, आणि गोळी सुटताना पडद्यावरचे पाय थांबलेले हवेत.

एक गोष्ट मात्र मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. मी नांदेडहून लग्न होऊन इथे आले तेव्हा बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचे व्यापारी बसलेले असत आणि मी मधल्या दाराआड चहा घेऊन उभी असे. पावलांवरून ओळखायचं, कोण उठलं, कोण इकडे येतंय, पदर केव्हा घ्यायचा. खेळातही पावलं ऐकू येतात, लाकडावर वेगळी, लोखंडी जिन्यावर वेगळी. माझे कान चांगले निघाले.

एकदा माझ्या संघातला एक अनोळखी मुलगा माइकवर म्हणाला, "आंटी, आप जाके खाना बनाओ."

मी म्हटलं, "खाना बन चुका है, बेटा. तुम्हारे पीछे दाहिने दरवाज़े में एक खड़ा है."

तो मागे वळला आणि वाचला. पुढचा सगळा सामना मला विचारत होता, "आंटी, अब किधर?"

चांदी दोन सामन्यांवर आली होती तेव्हा ऐन खेळात आजोबांनी ओरडून सांगितलं की नळ आले. मी हेडफोन टाकून उठले. सामना अर्धवट सोडल्याबद्दल दंड बसला, रँक खाली गेली आणि दोन आठवडे वाढले. टाकी मात्र भरली.

शेवटी चांदीत आले त्या दिवशी मोठीला स्क्रीनचा फोटो पाठवला. तिने तासाभराने विचारलं, "हे कोणी खेळलं?" मी लिहिलं, "ये आणि बघ."

तेव्हापासून रविवारी सकाळी सात वाजता आम्ही भेटू लागलो. सिंगापूरचा सर्व्हर घेत असू, कारण ते आम्हा दोघींच्या मध्ये पडतं. तिचा आवाज वर्षभराने ऐकला. ती खेळताना कडक असते.

"आजी, दारामागे काय करतेयस? बाहेर ये."

"ऐकतेय."

"ऐकून झालं असेल तर मार."

घराचा विषय आम्ही काढत नव्हतो. मी विचारत नव्हते म्हणून ती येत होती, हे मला समजत होतं. सात-आठ रविवार असे गेले. मग एकदा पुढच्या सामन्यासाठी खेळाडू मिळायची वाट बघत होतो. पडद्यावर नुसते सेकंद पुढे सरकत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, मी कॉलेज सोडलंय. पाच महिने झाले. एका बेकरीत शिफ्ट करते. कधीकधी दोन-दोन दिवस खोलीतून बाहेरच पडावंसं वाटत नाही. बाबांना सांगू नकोस."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

सामना सुरू झाला. आम्ही हरलो.

त्यानंतरचे अकरा दिवस मी नीट झोपले नाही. "दोन-दोन दिवस" हे शब्द डोक्यातून जात नव्हते. तिथे तिच्या दारावर थाप मारायलाही कोणी नाही असं वाटे. आजोबांनाही सांगितलं नाही. ते एकदा म्हणाले, "लई गप झालीस. गेममध्ये हरून राहिलीस का?" मी मान हलवून "हाव" म्हटलं.

बाराव्या दिवशी मी बहिणीच्या नातवाच्या बारशाला नांदेडला निघाले. एसटी अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. मी खाली उतरून चहा घेत होते तेव्हा तुमच्या बाबांचा फोन आला.

"आई, ती तुझ्याशी बोलते म्हणे. काय म्हणते? बरी आहे ना?"

मी चहाचा कप टपरीच्या फळीवर ठेवला. तो पुन्हा म्हणाला, "आई?" तेव्हाही मला थांबता आलं असतं. खेळते छान, एवढं म्हणून गाडीत बसता आलं असतं. अकरा गोळ्या शिल्लक ठेवून दाराआड थांबायला मी शिकले होते, पण मुलाच्या फोनवरची ती शांतता मला रिकामी ठेवता आली नाही. मी सगळं सांगितलं. कंडक्टरने बेल मारली तरी बोलतच होते.

तुमचे बाबा दुसऱ्याच दिवशी विमानाने तिच्याकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही. ती आता डॉक्टरांकडे जाते, हे तुमच्या आईकडून कळलं, आणि रोज एक मेसेज तरी घरी करते. त्या रविवारी सातला मी बसले तेव्हा खेळातल्या माझ्या मित्रयादीत तिचं नावच नव्हतं. ऑफलाइन असेल तर नाव राखाडी दिसतं. ते तसंही दिसलं नाही. तिने मला काढून टाकलं होतं.

धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ताईने मला एक गोष्ट सांभाळायला दिली होती आणि मी ती दुसऱ्याच्या हातात दिली. त्यामुळे तिचं बरं झालं असेल. तरी मी शब्द मोडला. मोठे, माझी बाजू तू घ्यावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू विश्वास टाकलास तेव्हा मी तुला काय म्हणाले होते ते मला अक्षरशः आठवतं, आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. न सांगता तुला काही झालं असतं तर तो रकाना कसा भरला असता, हेही मला माहीत नाही.

दोन महिने झाले. वही भरत आली आहे. "राहू दे" लिहिलेला कागद मॉनिटरला तसाच आहे. माझी रँक अजून चांदीच आहे. रविवारी सकाळी सात ते आठ मी सिंगापूरच्या सर्व्हरवर असते.