पायातली सळई आणि दसऱ्याची पूजा

आता काय सांगू तुम्हाला, हाती आलेलं स्थळ घालवायला स्वतःच बसून राहिलेला माणूस पाहिलाय कधी? नसेल तर मला बघून घ्या.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडची शेतकऱ्यांची पोरं कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-एकमध्ये राहायचो. जेवणात धूळ, अंथरुणात धूळ, तरी मशीनला हात लावतो म्हणून रुबाब केवढा! त्या दिवसांची आठवण आली की अजून भरून येतं.

मी फिटर. एकदा परांचीवरून पडलो आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत पोलादाची सळई बसवली. घरी सोडताना गमतीत म्हणाले, "आता तू अर्धा माणूस, अर्धं मशीन." ते गमतीत म्हणाले, मी मनावर घेतलं.

पाय बरा झाला आणि दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी हातोडा, नट आवळायचे पाने, सायकल, सगळ्यांची पूजा होते. एकदा पूजा झाली की दिवसभर ते चालवायचं नाही. मी पाटावर बसलो आणि पायही पुढे केला. माझं बघायला गावाहून आलेल्या आईनेही भक्तिभावाने गुडघ्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली.

तेवढ्यात दारात गोविंदराव! जवळच्याच मरोदा गावचे, कारखान्यात वेल्डर. त्यांच्या मुलीशी माझं जमत आलं होतं, आणि मला ती फार आवडली होती. पण मुलाचा पाय लोखंडी आहे, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. सोनं द्यायच्या निमित्ताने मी चालतो का, हे बघायला ते आले होते.

त्यांनी आपट्याची पानं दिली. मी बसल्या जागीच हात जोडले.

"उठा ना जरा," ते म्हणाले.

"आज नाई जमत, मामाजी. आज बंद आहे."

"काय बंद आहे?"

"पाय."

ते माळेकडे बघत राहिले. मग चहा न घेताच सायकलवर बसून निघाले.

"गेलं ना स्थळ!" आई कपाळाला हात लावून म्हणाली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माझ्या सायकलची तर पूजा झालेली! सुटलो पळत. पावर हाउसच्या रस्त्याला झेंडू सांडत, धापा टाकत त्यांना गाठलं.

"पाहा मामाजी, चालते पाय!"

त्यांनी मला खालून वर शांतपणे न्याहाळलं. "पायाचं समजलं मले," ते म्हणाले. "डॉक्टरनं डोस्क्यातबी सळईच टाकली का?"

लग्न झालं हो! पण सासरी माझ्या पायाची चौकशी पुन्हा कुणी केली नाही. जो येई तो बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारी, "डोस्कं कसं आहे आता त्याईचं?"